छेद विसरलेला माणूस

१८ मार्च १९५०. इंग्लंडमध्ये स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांची मॅच चालू आहे. प्रेक्षकांत चार्ल्स रीप बसलाय. हवाईदलात हिशेबाचं काम बघणारा अधिकारी. पहिल्या हाफमध्ये स्विंडनच्या चढाया एकामागून एक वाया जाताना बघून तो वैतागलाय. दुसरा हाफ सुरू झाल्यावर तो वही-पेन्सिल काढतो आणि स्वतःच्या खुणांच्या भाषेत प्रत्येक चढाई टिपायला लागतो.

फुटबॉलमधल्या आकडेवारीची गोष्ट बहुतेकजण इथूनच सुरू करतात. मला हा माणूस मनापासून आवडतो. व्हिडिओ नाही, कम्प्युटर नाही, आणि गड्याने आयुष्यभरात दोन हजारांहून जास्त मॅचेस हाताने टिपल्या! १९५८च्या वर्ल्डकप फायनलची नोंद तर म्हणे वॉलपेपरच्या गुंडाळीवर केली. १९५१मध्ये ब्रेन्टफर्डने त्याची मदत घेतली आणि तो संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्यापासून वाचला. मग वुल्व्ह्जनेही घेतली. १९६८मध्ये बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्याचा शोधनिबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला.

त्याच्या नोंदींमधून निघालेली गोष्ट साधी होती: साधारण ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चढायांमधून होतात. मग रीप म्हणाला, कशाला पास देत बसता? चेंडू उंच मारा, लवकर पुढे पोचवा. या हिशेबात शांतपणे चेंडू राखणारा, जागा शोधणारा मिडफिल्डर म्हणजे नुसता वेळखाऊ. पुढे इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचे प्रशिक्षणप्रमुख चार्ल्स ह्यूज यांनीही याच वळणाचा खेळ शिकवला.

पण शाळेतलं गणित आठवा. अंश बघितला, छेद कुठाय? रीपच्याच तक्त्यात एकूण चढायांपैकी ९१ टक्क्यांहून जास्त चढाया तीन किंवा कमी पासच्या होत्या. फुटबॉलमध्ये चेंडू सतत हिसकावला जातो, त्यामुळे बहुतेक चढाया छोट्याच असणार. म्हणजे नव्वदहून जास्त टक्के चढायांमधून ८० टक्के गोल, आणि उरलेल्या आठ-नऊ टक्क्यांमधून २० टक्के. दर चढाईमागे गोल काढले तर लांब चढाई जवळजवळ तिप्पट भारी पडते. आकडे बरोबर, निष्कर्ष उलटा. २००५मध्ये माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी १९९० आणि १९९४च्या वर्ल्डकपचे आकडे असेच भागून पाहिले, तेव्हा यशस्वी संघांना जास्त पासच्या चढायाच फळत असल्याचं दिसलं. एका भागाकाराला इतकी वर्षं! रीप २००२मध्येच वारला होता, ९७व्या वर्षी.

त्याला हसायचा अधिकार मला नाही. दोन वर्षांपूर्वी टीमसाठी मी एक डॅशबोर्ड बनवला होता: कोणी किती बग बंद केले. आमच्यातली एक सिनियर तळाला दिसायची. तिच्याकडे महिनोन्‌महिने कोणी हात न लावलेले, अवघड बग जायचे. बाकीचे, त्यात मीही, बटणाचा रंग आणि स्पेलिंग दुरुस्त करून वर. तिने मला एकदाच विचारलं, "हे कशाने भागलंयस?" मला प्रश्नच कळला नाही.

रीपबद्दल वाचलं त्या रात्री मी तो कॉलम टाकला. तोवर अप्रेझल होऊन गेलं होतं आणि ती दुसऱ्या कंपनीत रुजू झाली होती.