पुलाच्या अलीकडची भट्टी, पुलाच्या पलीकडची भट्टी

विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या फजितीपासून करतो.

आम्ही चौघंजण माहीमला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर विजेची छोटी भट्टी चालवतो. तिला डिजिटल कंट्रोलर आहे. आच किती वेगानं चढवायची, कुठवर न्यायची, तिथं किती वेळ थांबायचं, हे टप्प्याटप्प्यानं भरून ठेवायचं आणि बटण दाबायचं. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात आम्ही एका परदेशी पुस्तकातलं वेळापत्रक जसंच्या तसं भरलं. दुसऱ्या ओळीत आकडे होते १००, ६००, ०. अर्थ असा, की तासाला १०० अंशांनी चढत ६०० अंशांपर्यंत जा आणि न थांबता पुढे चला. आमचा कंट्रोलर मात्र पहिल्या आकड्याला वेग समजत नाही, मिनिटं समजतो. त्यानं १२० ते ६०० हा प्रवास १०० मिनिटांत उरकला. ४८० अंश १०० मिनिटांत, म्हणजे तासाला २८८. आतून फटफट आवाज आले. जाड बुडाची सगळी भांडी फुटली, पातळ तेवढी वाचली.

तेव्हा प्रश्न पडला, की आकडे नव्हते तेव्हा हे लोक काय करत होते?

उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. माहीम स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरलं, की धारावी. तिथं नव्वद फुटी रस्त्याला लागून कुंभारवाडा आहे. ही वस्ती मुळात सौराष्ट्रातल्या कुंभारांची. मुंबईत त्याआधीचा कुंभारवाडा दक्षिणेला, गिरगावच्या अंगाला होता. त्याच्या गल्ल्या अजून त्याच नावानं ओळखल्या जातात, चाक मात्र दिसत नाही. शहर वाढत गेलं तसा धूर करणारा धंदा उत्तरेला ढकलला गेला. धारावीत घरांच्या मधल्या अंगणात विटांच्या, वरून उघड्या भट्ट्या आहेत. जळण म्हणजे चिंध्या, कापसाचा कचरा, लाकडाचा भुसा. ज्या शहरात गिरण्या होत्या त्या शहरात हेच स्वस्त पडणार.

या भट्टीला वेळापत्रक नसतं असं समजू नका. आधी नुसती धुरी, जाळ नाही. माती ओली असेल तर तिच्यातलं पाणी सावकाश निघावं म्हणून. मग जळण वाढवायचं. शेवटी वरून झाकून रात्रभर निवू द्यायचं. कंट्रोलरच्या भाषेत रॅम्प आणि होल्ड हेच तर आहे. फक्त कागदावर नाही. संत गोरोबाकाकांची थापटण्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यातला नामदेवांचा भाग आपण रंगवून सांगतो. पण मडकं कच्चं की पक्कं हे ठोकून, आवाजावरून ठरतं, ही कुंभाराची रोजची परीक्षा त्या गोष्टीत जशीच्या तशी आहे. अडचण एवढीच, की ही परीक्षा भट्टी उघडल्यावर होते.

भट्टी बंद असताना आतली आच कशी कळावी? इंग्लंडच्या जोसाया वेजवुडनं १७८२ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. मातीचे ठरावीक तुकडे भट्टीत ठेवायचे आणि ते किती आकसले हे मोजपट्टीवर बघायचं. त्यानं त्या मापाचे अंश काढले ते भलतेच चुकले. त्याच्या हिशेबानं बीड वितळायला जवळजवळ १८ हजार फॅरनहाइट लागत होते! पण आमच्या मते तो मुळात चुकला नव्हता. माती तापमान मोजत नाही, तिनं किती वेळ किती आच खाल्ली ते मोजते. १८८६ साली बर्लिनमध्ये हेरमान सेगरनं नेमक्या याच गोष्टीसाठी ठरल्या आचेला वाकणारे कोन बनवले, आणि दहा वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड ऑर्टननं. सहा नंबरचा कोन तासाला ६० अंशांनी तापवला तर साधारण १२२२ ला वाकतो, १५० नं तापवला तर वीसेक अंश आणखी लागतात. नुसता शेवटचा आकडा भरून भागत नाही ते यामुळे.

त्याच १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये ल शातेलिएनं प्लॅटिनमच्या तारांचं थर्मोकपल वापरात आणलं. आच आता सुईवर दिसू लागली. पुढे १९२२ मध्ये मिनोर्स्कीनं जहाजाच्या सुकाणूसाठी जे गणित मांडलं तेच आज आमच्या कंट्रोलरच्या पोटात आहे.

मुंबईतही हा विचार लवकर आला होता. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात सिंधमधल्या कारागिरांच्या मदतीनं चमकदार ग्लेझची भांडी सुरू केली. पुढे त्यांवर अजिंठ्याची नक्षी आली. १९१० मध्ये तिथंच सर जॉर्ज क्लार्क प्रयोगशाळा निघाली आणि तिनं पहिला हात घातला तो कुंभारकामाला. नंतर पुण्याच्या निर्मला पटवर्धनांनी कुंभारकामावर हँडबुक लिहून आपल्याकडचं ज्ञान छापील केलं. हे सगळं मोलाचं आहे. पण प्रयोगशाळा एका टोकाला आणि कुंभारवाडा दुसऱ्या टोकाला, हे अंतर काही मिटलं नाही.

फुटलेली खापरं घेऊन आम्ही पूल ओलांडला. कुंभारवाड्यातल्या एका काकांनी आकडे विचारलेच नाहीत. त्यांनी एक कच्चं भांडं उचललं, गालाला लावलं आणि म्हणाले, "थंड लागतंय म्हणजे ओलं आहे. पावसात कसली घाई करता?" पुस्तक कोरड्या हवेतलं, आम्ही आषाढातले. वेगाची गफलत होतीच, पण पहिली चूक त्याच्या आधीची होती.

आता धारावीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. अंगणातली भट्टी मजल्यावर जाणार नाही, हे उघड आहे. धुराचा त्रासही खरा आहे. तिथल्या बायका-मुलांनाच तो आधी होतो, तेव्हा धुराची बाजू आम्ही घेणार नाही. विजेची भट्टी द्या म्हणणं सोपं. पण तिला थ्री फेज जोडणी लागते, बिल लागतं, आणि पाण्याच्या माठाला किंवा दिवाळीच्या पणतीला मिळणाऱ्या भावातून ते निघायला हवं. शिवाय कंट्रोलरमध्ये ते टप्पे भरायचे कोणी? ज्याला ती माती ठाऊक आहे त्यानं की बाहेरून आलेल्या तंत्रज्ञानं? चर्चा होते ती चौरस फुटांची. हा प्रश्न त्यात आमच्या तरी कानावर आलेला नाही.

आमच्या कंट्रोलरमध्ये आता दोन वेळापत्रकं आहेत. एक उन्हाळ्याचं. दुसरं पावसाळ्याचं, त्याच्या पहिल्या ओळीत ९० अंशांवर सहा तास थांबा. पुढे ५७३ च्या आसपास, जिथं मातीतली गारगोटी एकदम फुगते, तिथं चढताना आणि उतरताना वेग कमी. बटण दाबण्याआधी भांडं गालाला लावून बघतो. प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.