भारत १७ वर्षांखालील महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ

भारत १७ वर्षांखालील महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ हा आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारा कुमारी गटाचा संघ आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ या संघाचे नियंत्रण करतो. हा महासंघ फिफा, आशियाई फुटबॉल महासंघ (एएफसी) आणि दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ (सॅफ) या संस्थांचा सदस्य आहे. वरिष्ठ महिला संघ 'ब्लू टायग्रेसेस' म्हणून ओळखला जातो; त्यावरून या संघाला 'यंग टायग्रेसेस' असे संबोधले जाते.

इ.स. २०२२ मध्ये यजमान या नात्याने हा संघ १७ वर्षांखालील महिला विश्वचषक स्पर्धेत खेळला. फिफाच्या विश्वचषकात खेळणारा तो भारताचा पहिला महिला संघ ठरला. त्या स्पर्धेत संघाला एकही गोल करता आला नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, संघाने पात्रता फेरी जिंकून १७ वर्षांखालील आशियाई महिला चषक स्पर्धेत प्रवेश मिळवला.

पार्श्वभूमी

या वयोगटाची आशियाई महिला स्पर्धा २००५ मध्ये दक्षिण कोरियात प्रथम भरली. भारताने तीत भाग घेतला होता. त्यानंतर मात्र दोन दशके भारताला मुख्य स्पर्धेपर्यंत पोहोचता आले नाही. फिफाचा १७ वर्षांखालील महिला विश्वचषक २००८ मध्ये न्यू झीलंडमध्ये सुरू झाला. त्यातील आशियाच्या जागा आशियाई स्पर्धेतील कामगिरीवरून ठरत असल्याने त्या स्पर्धेबाहेर राहणाऱ्या भारतासाठी विश्वचषकाचा मार्गही बंद होता. या काळात आशियात या वयोगटावर उत्तर कोरिया आणि जपान यांचे वर्चस्व होते.

यजमानपद आणि लांबलेली स्पर्धा

मार्च २०१९ मध्ये फिफाने २०२० च्या विश्वचषकाचे यजमानपद भारताला दिले आणि यजमान म्हणून भारतीय संघाचे स्थान निश्चित झाले. स्वीडनचे थॉमस डेनर्बी यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्वीडनच्या वरिष्ठ महिला संघाने २०११ च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवले होते. तयारीचा भाग म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत अंधेरी येथे भारत, स्वीडन आणि थायलंड यांची तिरंगी स्पर्धा झाली. ती स्वीडनने जिंकली.

कोविड-१९ च्या साथीमुळे विश्वचषक प्रथम २०२१ पर्यंत पुढे ढकलण्यात आला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो रद्द करून भारताला २०२२ च्या स्पर्धेचे यजमानपद देण्यात आले. २०२० च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या, तर २०२२ साठी ही मर्यादा १ जानेवारी २००५ झाली. त्यामुळे मूळ स्पर्धेसाठी तयारी केलेल्या खेळाडूंपैकी २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या मुली विश्वचषक न खेळताच वयोमर्यादेबाहेर गेल्या आणि संघाची बांधणी मोठ्या प्रमाणात नव्याने करावी लागली.

ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी एक अडथळा आला. महासंघाच्या कारभारात त्रयस्थ पक्षाचा हस्तक्षेप होत असल्याच्या कारणावरून फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. स्पर्धा दोन महिन्यांवर आलेली असताना यजमानपद धोक्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीचे काम संपुष्टात आल्यावर २६ ऑगस्ट रोजी निलंबन मागे घेण्यात आले आणि स्पर्धा ठरल्याप्रमाणे भारतातच झाली.

विश्वचषक २०२२

ही स्पर्धा ११ ते ३० ऑक्टोबर २०२२ या काळात भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाली. १६ संघांच्या या स्पर्धेत भारताचा समावेश 'अ' गटात होता. संघाचे नेतृत्व झारखंडची बचावपटू आस्ताम उरांव हिच्याकडे होते. २१ खेळाडूंच्या चमूत एकट्या झारखंडच्या सहा मुली होत्या. मणिपूरच्या खेळाडूंचेही संघात महत्त्वाचे स्थान होते. पुण्याची काजोल डिसूझा ही महाराष्ट्रातील खेळाडू संघात होती.

भारताचे तिन्ही साखळी सामने भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर झाले. त्यांचे निकाल असे :

११ ऑक्टोबर : भारत ०–८ अमेरिका
१४ ऑक्टोबर : भारत ०–३ मोरोक्को
१७ ऑक्टोबर : भारत ०–५ ब्राझील

अमेरिकेने पहिल्या सामन्यात मध्यंतरापर्यंतच पाच गोल केले होते. अमेरिकेची कर्णधार, भारतीय वंशाची मिया भूटा हिनेही या सामन्यात गोल केला. मोरोक्कोविरुद्ध भारताने मध्यंतरापर्यंत बरोबरी राखली; उत्तरार्धाच्या सुरुवातीला पेनल्टीवर गोल झाल्यानंतर सामना हातातून गेला. ब्राझीलविरुद्धच्या पराभवानंतर भारत एकही गुण न मिळवता स्पर्धेबाहेर पडला. तीन सामन्यांत भारताविरुद्ध १६ गोल झाले. भारताच्या १७ वर्षांखालील मुलांच्या संघाने २०१७ मध्ये यजमान म्हणून खेळताना तिन्ही सामने गमावले होते, परंतु कोलंबियाविरुद्ध एक गोल केला होता.

उपांत्य सामने मडगावच्या फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, तर अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. अंतिम सामन्यात ८२व्या मिनिटाला झालेल्या स्वयंगोलामुळे स्पेनने कोलंबियाचा १–० असा पराभव करून सलग दुसरे विजेतेपद मिळवले.

दक्षिण आशियाई स्पर्धांतील कामगिरी

सॅफची कुमारी गटाची स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली. तिची वयोमर्यादा वेळोवेळी १५, १६ आणि १७ वर्षे अशी बदलत गेली आहे. या स्पर्धेत भारताचा प्रमुख प्रतिस्पर्धी बांगलादेश राहिला आहे.

२०१७ (ढाका) : अंतिम सामन्यात बांगलादेशकडून ०–१ असा पराभव, उपविजेतेपद.
२०१८ (थिंफू) : अंतिम सामन्यात बांगलादेशवर १–० असा विजय, विजेतेपद.
२०१९ (थिंफू) : अंतिम सामना गोलशून्य, पेनल्टी शूटआऊटमध्ये बांगलादेशवर ५–३ असा विजय, विजेतेपद.
२०२४ (ललितपूर) : अंतिम सामना १–१, पेनल्टी शूटआऊटमध्ये बांगलादेशकडून पराभव, उपविजेतेपद.
२०२५ (थिंफू) : चार संघांच्या दुहेरी साखळीत अव्वल, विजेतेपद.

२०२३ मध्ये ढाका येथे झालेल्या स्पर्धेत पाहुणा संघ म्हणून सहभागी झालेला रशिया विजेता ठरला. २०२५ च्या स्पर्धेत भारताने पहिले पाचही सामने जिंकून विजेतेपद निश्चित केले. शेवटच्या सामन्यात बांगलादेशने भारताचा ४–३ असा पराभव केला. भारताची अनुष्का कुमारी ही स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारी खेळाडू ठरली.

आशियाई चषक पात्रता

२०२४ च्या आशियाई चषकासाठी झालेल्या पात्रता स्पर्धेत भारताने एप्रिल २०२३ मध्ये किर्गिझस्तान आणि म्यानमार यांना हरवून पहिली फेरी पार केली. थायलंडमध्ये झालेल्या दुसऱ्या फेरीत मात्र संघाचे आव्हान संपुष्टात आले.

२०२६ पासून आशियाई चषकातील संघांची संख्या आठवरून बारा करण्यात आली. या स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी स्वीडनचे योआकिम अलेक्झांडरसन हे मुख्य प्रशिक्षक होते. बिश्केक येथे १३ ऑक्टोबर २०२५ रोजी भारताने यजमान किर्गिझस्तानचा २–१ असा पराभव केला. चार दिवसांनी उझबेकिस्तानविरुद्ध भारत मध्यंतराला एका गोलने पिछाडीवर होता. बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरलेल्या थांडामोनी बास्के हिने ५५व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि ६६व्या मिनिटाला अनुष्का कुमारीने विजयी गोल केला. गटात अव्वल राहून भारताने चीनमध्ये होणाऱ्या मुख्य स्पर्धेत स्थान मिळवले. २००५ नंतर भारत या स्पर्धेस प्रथमच पात्र ठरला.

भारताचा वरिष्ठ महिला संघ आणि २० वर्षांखालील महिला संघ हेही त्याच वर्षी आपापल्या आशियाई चषकांसाठी पात्र ठरले होते.

महत्त्व

दक्षिण आशियात विजेतेपद मिळवणारा हा संघ आशियाई आणि जागतिक पातळीवर दीर्घकाळ मागे राहिला. २०२२ च्या निकालांतून हे अंतर स्पष्ट झाले. विश्वचषकापूर्वी इटली, नॉर्वे आणि स्पेन येथील दौऱ्यांतून खेळाडूंना परदेशी संघांविरुद्ध खेळण्याचा अनुभव मिळाला होता, परंतु हे सामने मुख्यतः विश्वचषक जवळ आल्यावरच झाले. २०२२ च्या संघातील शिल्की देवी आणि लिंडा कोम सर्तो यांच्यासारख्या खेळाडू पुढे वरिष्ठ राष्ट्रीय संघात पोहोचल्या.

१७ वर्षांखालील महिला विश्वचषक २०२५ पासून २४ संघांचा झाला असून तो दरवर्षी भरतो. २०२५ ते २०२९ या पाच स्पर्धांचे यजमानपद मोरोक्कोकडे आहे. त्यामुळे पूर्वी दोन वर्षांतून एकदा मिळणारी पात्रतेची संधी आता प्रत्येक वर्षी उपलब्ध झाली आहे.