फियाटचा पाटा आणि वळणावरचा तोल

वसई फाट्याच्या बाजूला महामार्गालगत कमानवाल्यांची दुकानं आहेत. ट्रकचा पाटा, म्हणजे पोलादी पानांची स्प्रिंग, उतरवायचा, तुटलेलं पान बदलायचं, सेंटर बोल्ट घालून पुन्हा आवळायचं. मी याच धंद्यातला, पण माझं आयुष्य गेलं ते फियाटखाली, गोखिवऱ्यात.

स्पोर्ट्स कार म्हटलं की आताच्या पोरांना दोन दारांची, जमिनीला चिकटलेली गाडी आठवते. आमच्या पिढीला शर्यतीची गाडी म्हणून फियाटच ठाऊक. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 निघू लागली. तीच 1964 नंतर डिलाइट आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचं, ताकद बेताची. सरळ रस्त्यावर ती कुणाला मागे टाकणार? जे मिळवायचं ते वळणावर. म्हणून जुहूच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या त्या काळात माणसं इंजिनाइतकीच तिच्या स्प्रिंगांमागे लागत. माझे उस्ताद त्यांच्यातले.

फियाटच्या पुढच्या चाकांना वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं हलणार. मागे मात्र अख्खा अ‍ॅक्सल दोन पाट्यांवर ठेवलेला. पाट्याची कमान मोटारीहून जुनी. लंडनच्या ओबाडाया इलियटने 1804 मध्ये तिचं पेटंट घेतलं ते घोडागाडीसाठी. वसई रोड स्टेशनवरून पापडीकडे, वसई गावात जाणारे टांगेही अशाच पाट्यांवर झुलायचे. म्हणजे एकाच गाडीत पुढे नवं शतक आणि मागे जुनं. फियाटच्या तोलाचं सगळं कोडं या जोडणीत आहे.

टॅक्सीवाले सामानासाठी मागे एक पान वाढवून घेत. गाडी उचलली जाई, बसायची थांबे. पण तीच गाडी रिकामी असताना पावसात घोडबंदरच्या वळणावर शेपूट टाकी. उस्तादांनी मला खड्ड्यात उतरवून पाट्याचा पुढचा डोळा, म्हणजे पाटा गाडीला जोडणारं गोल टोक, दाखवला. "पोरा, डोळा अ‍ॅक्सलच्या वर गेला की खाली, ते आधी बघ." वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, त्या बाजूचा पाटा दबतो. डोळा अ‍ॅक्सलपेक्षा उंच असेल तर दबताना बाहेरचं चाक जरासं मागे सरकतं, आतलं पुढे येतं. अख्खा अ‍ॅक्सल तिरपा होतो आणि मागची चाकं स्वतःच वळणाबाहेर निघतात. डोळा खाली असेल तर याच्या उलट, गाडी शांत राहते. सूतभराचा फरक, पण स्टिअरिंगवर लगेच कळतो.

दुसरी गोष्ट कडकपणाची. जे टोक जास्त कडक, त्या टोकाच्या बाहेरच्या टायरवर वळणात जास्त भार जातो. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते, म्हणून ते टोक आधी घसरतं. पुढचा स्टॅबिलायझर बार जाड केला तर नाक बाहेर जाणार, मागे पानं वाढवली तर शेपूट. अमेरिकेत मॉरिस ऑली या इंजिनिअरने 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे रीतसर मांडलं. उस्तादांना त्याचं नावही माहीत नव्हतं. ते शर्यतीच्या गाडीचं मागचं एक पान काढत, शॉकप मात्र कडक टाकत. पुढच्या आर्मच्या बैठकीतल्या पत्र्याच्या शिम सरकवून चाकाचा माथा किंचित आत झुकवत, म्हणजे कलल्यावर टायर सपाट बसे. मग गाडी पळवून आणायची, टायरवर हात फिरवायचा, बाहेरची कड जास्त तापली असेल तर अजून एक शिम. या हाताच्या परीक्षेला मी आजही मानतो.

1980 मध्ये पहिली हिमालयन रॅली मुंबईहून निघाली आणि कामाची रीत पालटली. धावपट्टीवरची गाडी खाली बसवायची, रॅलीची गाडी खडकावरून जायची म्हणून उंच ठेवायची. उंच गाडी जास्त कलते, मग तोल सगळा शॉकपवर आला. पुढे प्रीमियरची 118 एनई आली. तिला मागेही कॉइल स्प्रिंग होत्या. पाट्यांचं कौशल्य तिथूनच मागे पडू लागलं. मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनीची सुट्टी झाली ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस.

आता विरार-नालासोपाऱ्याची पोरं येतात, हातात कापलेल्या स्प्रिंगा. "काका, गाडी खाली बसवा." स्प्रिंग कापली की ती कडक होते आणि तिची चालही उरत नाही. वळणात गाडी रबराच्या ठोकळ्यावर आदळते, आणि आदळली त्या क्षणी ते टोक एकदम कडक होऊन पकड सोडतं. आपल्या गतिरोधकांवर तर आदळायला वळणही लागत नाही. मी त्यांची गाडी रॅम्पवर घेतो. आधी बुश बघतो, मग टायरची हवा, मग अलाइनमेंट. बरीच पोरं तिथेच समाधानी होतात. उरतात त्यांना विचारतो, वळणात आधी काय सुटतं, नाक की शेपूट? ज्याला उत्तर देता येतं, त्याच्याच गाडीला मी स्प्रिंग बदलतो.