मिथुन राशीतील उल्कांचे मूळ

डिसेंबरच्या तेरा-चौदा तारखेला रात्री शेताच्या राखणीला बसलेल्या माणसाला वीस-पंचवीस तारे तुटताना सहज दिसतात. ‘तारा तुटला’ असं आपण म्हणतो खरं, पण तारा काही तुटत नाही. वाटाण्याएवढा किंवा त्याहूनही बारीक खडा हवेत शिरतो नि जळून जातो, तीच उल्का. या उल्का मिथुन राशीतून निघाल्यासारख्या भासतात. त्या मूळच्या कुठल्या, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ चकवीत आला आहे.

इटलीतील ज्योतिर्विद स्क्यापारेल्ली यांनी १८६६ साली दाखवून दिले की, ऑगस्टमधल्या उल्का आणि १८६२ चा स्विफ्ट-टटल धूमकेतू यांचा मार्ग एकच आहे. फाटक्या पोत्यातले धान्य गाडीवाटेने सांडत जावे, तशी धूमकेतूची धूळ त्याच्या वाटेवर सांडते. पृथ्वी ती वाट ओलांडते, तेव्हा उल्का पडतात. बीएला नावाचा धूमकेतू १८४६ साली दुभंगला आणि १८५२ नंतर दिसेनासा झाला. पुढे २७ नोव्हेंबर १८७२ रोजी पृथ्वी त्याच्या वाटेवरून गेली, तो उल्कांचा पाऊसच पडला! उल्कावर्षाव म्हटला की धूमकेतू आलाच, अशी समजूत मग पक्की झाली.

मिथुनेच्या उल्का मात्र तिच्यात बसेनात. त्यांची पहिली नोंद १८६२ ची. पण धूमकेतू काही सापडेना. १९४७ साली अमेरिकेत व्हिपल यांनी छायाचित्रांवरून त्यांची कक्षा काढली. सूर्याभोवतीची फेरी पावणेदोन वर्षांच्या आत पुरी! एवढ्या लहान फेरीचा धूमकेतू कुणाच्याच माहितीत नव्हता.

अखेर ऑक्टोबर १९८३ मध्ये ‘आयरास’ या कृत्रिम उपग्रहाच्या निरीक्षणांत ग्रीन व डेव्हिस यांना एक नवी वस्तू आढळली. तिची कक्षा या उल्कांशी जुळते, हे व्हिपल यांनीच ओळखले. पण तिला ना शेपूट, ना धुरकट डोके! तो पाच-सहा किलोमीटर रुंदीचा लघुग्रह निघाला. त्याचे नाव फेथॉन.

मग हा विझलेला धूमकेतू की मुळातलाच धोंडा? दर दीड वर्षाने तो सूर्यापासून सुमारे दोन कोटी किलोमीटरांवर येतो. बुधसुद्धा इतका जवळ जात नाही. तेव्हा बर्फ आटून नुसते कवच उरले असेल, असे काहींना वाटते. उलटपक्षी, त्याचा रंग पॅलास या मोठ्या लघुग्रहाशी मिळताजुळता आहे. २००९ साली सूर्याजवळ तो उजळलेला दिसला, तेव्हा धूळ सुटते आहे असे वाटले. परंतु २०२३ च्या अभ्यासात ती चकाकी सोडियमच्या वाफेची ठरली. म्हणजे एवढी सगळी धूळ आज सांडत नाही. ती पूर्वीच केव्हातरी, कदाचित मोठ्या फुटीत, सांडली असावी.

शिक्षक बंधुभगिनींनी येत्या डिसेंबरात मुलांना अंगणात बसवावे आणि उल्का मोजून वहीत टिपायला लावावे. धूमकेतू वेगळा नि लघुग्रह वेगळा, असे पुस्तकात दोन रकाने असतात. आकाशाने ते मानलेच पाहिजेत असे नाही, हेही त्यांना जरूर सांगावे.