शिदोरीपासून पुडक्यापर्यंत : सीमाभागातील घाईच्या जेवणाचा इतिहास



'फास्ट फूड' या विषयात इतिहास तो काय, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, शब्द नवा असला तरी घाईचे जेवण आपल्याकडे फार जुने आहे. बदलले आहे ते दुसरेच काही. ते काय, हे पाहण्यासाठी आपल्याच बिदर-कलबुर्गीच्या मातीत थोडे मागे जाऊ.

या प्रदेशाची अन्नाविषयीची सर्वांत जुनी आठवण भुकेची आहे. दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली आणि विठोबाने रूप पालटून बिदरच्या बादशहाकडे धान्याची किंमत भरली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : या पठारावर पोटभर खायला मिळणे हीच मोठी गोष्ट होती. म्हणून आज आपण मुबलकतेला नावे ठेवतो तेव्हा जरा जपून बोलावे.

अशा कोरडवाहू मुलखाने घाईचे अन्नही स्वतः घडवले. कडक भाकरी हे त्याचे उत्तम उदाहरण. पातळ थापायची, भाजून पूर्ण वाळवायची, मग ती कित्येक दिवस टिकते. पंढरीच्या वाटेवर किंवा माणिकनगरच्या जत्रेला जाताना सोबत भाकरी आणि शेंगांची चटणी असली की चूल पेटवायला नको. घरी अचानक पाहुणे आले तर मुरमुरे भिजवून फोडणीला टाकले की सुसला तयार, जोडीला मिरची भजी. तेही 'फास्ट'च होते. फरक एवढाच की खाणाऱ्याची घाई भागावी म्हणून कोणीतरी आधी सावकाश राबलेले असे, आणि ते कोणीतरी बहुधा घरातली बाई असे.

परके म्हणून एखादे अन्न वाईट, हा युक्तिवादही टिकत नाही. ज्या चटणीवाचून आपली भाकरी अडते, तिच्यातली मिरची आणि शेंग दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज काळात त्या इकडे आल्या आणि आपल्या झाल्या. आपल्या झाल्या, कारण त्या आपल्या रानात रुजल्या आणि आपल्या पाट्यावर वाटल्या गेल्या.

मग मोडले कुठे? एका दिवसात नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद दुसरीकडे राहिले. सीमेने कचेरी बदलली, ताट बदलले नाही. ताट बदलायला सुरुवात झाली ती शेतातून. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. उत्पन्न वाढले, पण 'हायब्रीडची भाकरी' हा बेचव भाकरीला शब्दच पडला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी आजही जुनी माणसे तोंड वाकडे करून आठवतात. पुढे बिदरकडच्या खरिपात सोयाबीन पसरले. ते विकायचे पीक, घरात शिजवायचे नव्हे. २०१३ मध्ये 'अन्नभाग्य' योजना आली आणि गरिबाच्या घरी तांदूळ निश्चित झाला. त्या योजनेने भूक भागवली, हे मान्यच केले पाहिजे. पण भाकरी रोजची राहिली नाही, तिच्या जागी भात आला.

या मोकळ्या झालेल्या जागेत पुडके शिरले. मॅगी भारतात १९८३ मध्ये आली, मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये. आपल्या तालुक्याच्या गावांत मोठी दुकाने उशिरा पोहोचली, पण बसस्थानकाजवळचा नूडल्सचा गाडा आणि पाच-दहा रुपयांचे कुरकुरीत पुडके त्यांच्या आधीच आले.

आरोग्याचा हिशेब साधा आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ३ ग्रॅमही नाहीत. मैदा, तळण, मीठ आणि साखर एकत्र आली की पोट भरण्याआधीच पुष्कळ खाल्ले जाते. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. हे पाप एकट्या पुडक्याचे नाही. पांढरा भात, बसून होणारी कामे आणि कमी झालेले चालणे यांचाही त्यात वाटा आहे.

पण आपल्या घरांचे आणखी एक नुकसान होते, आणि ते कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. आपली मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, ते योग्यच आहे. मराठी मात्र आपल्याकडे चुलीपाशी टिकली. उंडे, कण्या, माडगं, आंबील, धपाटे हे शब्द पुस्तकातून आले नाहीत. ते हाताला काम लावता लावता तोंडात बसले. पदार्थ गेला की शब्द जातो, आणि पुडक्यावरचे शब्द तर सगळ्या जगात सारखेच.

यावर उपाय म्हणून घरच्या बाईला पुन्हा चुलीपुढे बसवा, असे मी म्हणणार नाही. तिचे कष्ट विसरून गायलेली भाकरीची थोरवी खोटी आहे. कलबुर्गीत महिला बचत गट भाकरी करून 'कलबुर्गी रोट्टी' या नावाने विकू लागले आहेत. तीच कडक भाकरी, तीच घाईची सोय, पण कष्टाचे पैसे तिच्या हाती. आणि घरी थापायची असेल, तर परातीपुढे मुलग्यानेही बसावे.

येत्या वेळ अमावस्येला आपण शेतात जाऊ. खोपीतल्या पांडवांची पूजा होईल, भज्जी, उंडे आणि आंबील वाढले जाईल. त्या दिवशी मुलांना फक्त जेवायला नेऊ नका. आदल्या दिवशी भज्जीच्या शेंगा सोलायला बसवा, आणि प्रत्येक दाण्याचे नाव त्यांना विचारा.