डोक्यावरचा हात

बेथेलची गोष्ट माईनं, म्हणजे माझ्या आजीनं, तिच्या आज्याकडून ऐकली होती. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढं निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. शहराजवळ त्यांनी बेथेल वसवलं. तिथं आलेली पुष्कळ घरं गावकुसाबाहेरची. ज्यांची सावलीही गाव टाळायचं, त्यांच्या डोक्यावर ब्राह्मणाघरी जन्मलेल्या या पाळकानं तळहात ठेवला. हात उचलल्यावरही म्हातारी माणसं मान खाली घालून तशीच बसून राहायची, असं आजा सांगे.

म्हणून असेल, माईला बायबलमधली याकोबाची गोष्ट फार प्रिय. नजर अधू झालेला याकोब नातवांना आशीर्वाद देताना हात आडवे टाकतो आणि उजवा हात धाकट्या एफ्राइमवर ठेवतो. नातवांचा बाप योसेफ अडवतो, ‘बाबा, थोरला हा.’ म्हातारा ऐकत नाही. इथं माई थांबायची आणि आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याला पुढं ओढायची.

लग्न होऊन ती अर्धापूरला आली, तेव्हा इथं आमच्यासारखी घरं थोडीच होती. पाळकसाहेब नांदेडहून कधीमधी यायचे. एरवी आशीर्वाद घरच्यांनीच द्यायचा. मृग लागला की शेजारी चाड्याला हळदकुंकू वाहत, आणि आमचे आजोबा बियाण्याच्या टोपलीपुढं पागोटं काढून प्रार्थना करत. परीक्षेला निघालेली गल्लीतली पोरं माईच्याही पाया पडायची. ती त्यांना उठवून डोक्यावर हात ठेवायची. कुणाचं लेकरू, हे तिनं कधी विचारलं नाही. ‘आशीर्वाद देवाचा, हात तेवढा माझा,’ एवढंच म्हणायची.

उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करून म्हणतात ते गणना पुस्तकातलं आशीर्वचन तिला तोंडपाठ होतं. १९७९ साली जेरुसलेममधल्या एका प्राचीन कबरीत चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर याच आशीर्वचनाचे शब्द कोरलेले आहेत, अडीच हजार वर्षांपूर्वीचे. माणसं त्या गुंडाळ्या ताईत म्हणून अंगावर बाळगत असावीत, असं अभ्यासक मानतात. हे मी वाचलं तेव्हा माई राहिली नव्हती. तिला सांगता आलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

कापणीच्या सणाला आम्ही केळीचा घड घेऊन नांदेडला चर्चमध्ये जातो. वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेली एखादी कोंबडीही असते. प्रार्थनेनंतर साऱ्याचा लिलाव होतो, पैसा मंडळीच्या कामाला जातो. आमचा घड मी बोली लावून परत घेतो आणि अर्धापुरात गल्लीभर वाटतो. ही रीत माईनंच घालून दिलेली.