अंटार्क्टिकाच्या मातीतील वंशावळी

१/ डिसेंबर १९०३. ब्रिटिश नौदलाचे अधिकारी रॉबर्ट स्कॉट हे एडगर इव्हान्स व विल्यम लॅशली या दोन सोबत्यांसह अंटार्क्टिकाच्या हिमपठारावरून परतत असता एका अनोळखी दरीत उतरले. तिथे बर्फ जवळजवळ नव्हता. होती ती वाळू आणि दगडधोंडे. शेवाळ नाही, दगडफूलही नाही. दिसला तो फक्त एका सीलचा सांगाडा. स्कॉट यांनी तिला मृतांची दरी ठरवले.

२/ आज ती टेलर दरी म्हणून ओळखली जाते, आणि ती मृत नाही. तिच्या दगडांखाली जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे जीव राहतात. त्यांच्या पूर्वजांनी अनेक हिमयुगे पाहिली आणि त्यांच्या खुणा वंशजांच्या शरीरात उरल्या. मंडळी, आजचा धागा या रहिवाशांविषयी आणि त्यांच्या जनुकांतून वाचता येणाऱ्या इतिहासाविषयी.

३/ गंमत अशी की या जीवाचा पुरावा स्कॉट यांच्याच ‘डिस्कव्हरी’ मोहिमेने (१९०१–०४) गोळा केला होता. मोहिमेचे जीवशास्त्रज्ञ होते टी. व्ही. हॉजसन. जॉर्ज कारपेंटर यांनी १९०८ साली या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि हॉजसन यांच्या सन्मानार्थ त्याला नाव दिले : गोम्फिओसेफॅलस हॉजसोनाय.

४/ हा प्राणी ‘स्प्रिंगटेल’ या गटातला. सहा पाय, पंख नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात कुंडीच्या ओल्या मातीत टुणटुण उड्या मारणारे बारीक जीव दिसतात, तेच याचे भाऊबंद. अंटार्क्टिकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भूभागावर बर्फ नाही. त्या तुकड्यांवर स्प्रिंगटेल, माइट, सूत्रकृमी आणि टार्डिग्रेड हेच जमिनीचे खरे स्थायिक. पेंग्विन आणि सील समुद्रावर जगतात; हे मातीवर.

५/ इथे एक कोडे उभे राहते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, अंटार्क्टिकाचा हिमस्तर आजच्यापेक्षा विस्तृत होता. जुने अनुमान असे की त्याने किनाऱ्याजवळची बहुतेक जमीन गाडून टाकली असणार. मग हे जीव आले कुठून? बर्फ ओसरल्यावर बाहेरून आले, की तिथेच कुठेतरी तग धरून राहिले?

६/ या प्रश्नाला लिखित साधन नाही. पण एक वेगळे साधन आहे. एकाच पोथीच्या अनेक नकला होतात, तेव्हा प्रत्येक लेखनिक काही चुका करतो आणि पुढचा लेखनिक त्या चुकांसह नक्कल उतरवतो. चुका ताडून पाहिल्या की कोणती नकल कोणत्या शाखेची, हे ठरते. जनुकांचेही तसेच. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना त्यांत बारीक बदल साचत जातात.

७/ दोन गट एकमेकांपासून तुटले की त्यांचे बदल वेगवेगळे साचतात. बदलांचा साधारण वेग ठाऊक असेल, तर फरक मोजून ताटातुटीचा काळ काढता येतो. यासाठी बहुधा पेशीतील तंतुकणिकेचे एक जनुक वापरतात, कारण ते फक्त आईकडून येते. म्हणजे ही मातृवंशाची वंशावळ.

८/ प्रत्येक साक्षीदार सारखा विश्वसनीय नसतो, हे इतिहासाच्या अभ्यासकांना सांगायला नको. टेलर दरीतील प्रमुख सूत्रकृमी स्कॉटनेमा लिंडसेए. त्याचे वर्णन १९७१ साली रिचर्ड टिम यांनी केले. हे अमेरिकी धर्मगुरू ढाक्याच्या नोत्र दाम कॉलेजात शिकवत! हा कृमी पूर्ण वाळून निपचित पडतो, वाऱ्यासोबत दूर जातो आणि पाणी मिळताच पुन्हा जागा होतो. त्यामुळे तो मूळचा कुठला, हे ठरवणे अवघड.

९/ स्प्रिंगटेल मात्र कोरडेपणा सोसू शकत नाही. पातळ त्वचेतून त्याचे पाणी भराभर उडते, त्यामुळे हिमनदी ओलांडून जाणे त्याला जवळजवळ अशक्य. तो जिथे आहे, तिथेच त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले असते. स्थळाचा इतिहास सांगायला असाच साक्षीदार हवा.

१०/ २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेलर दरीतील हॉजसोनायचे जनुकीय प्रकार कुठे कुठे आढळतात, हे बारकाईने तपासले गेले. त्यांची वाटणी एका प्राचीन जलाशयाच्या किनाररेषेशी जुळली. ते पाणी केव्हाच आटले. तरी या जीवांच्या वस्तीत त्याची हद्द शिल्लक होती. स्कॉट ज्या दरीतून चालत गेले, तीच ही दरी.

११/ याहून मोठा पट २०२० साली समोर आला. १९९९ ते २०१८ या काळात ९१ ठिकाणांहून गोळा केलेल्या सहा जातींच्या स्प्रिंगटेलांचे ८६६ जनुकीय अनुक्रम संशोधकांनी ताडून पाहिले. सहापैकी चार जातींत, कधी १० किलोमीटरहून कमी अंतरावरही, मोठे फरक आढळले. तीन जातींतील काही वंश किमान ३५ ते ५५ लाख वर्षे एकमेकांपासून तुटलेले असावेत, असा निष्कर्ष निघाला.

१२/ मग ते मुळात पसरले केव्हा? स्प्रिंगटेल पाण्यावर तरंगू शकतो. आज रॉस समुद्रावर फ्रान्सएवढा हिमपट तरंगतो, त्यामुळे ती वाट बंद आहे. उष्ण काळात पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर कोसळला, तेव्हा किनाऱ्यालगत खुले पाणी झाले असावे आणि हे जीव त्यावरून पसरले असावेत. बर्फ परतला, वाट मिटली, घराणी विभागली.

१३/ एका साक्षीवर निकाल देऊ नये. जनुकीय घड्याळाचा वेग हा अंदाजच असतो. वेग बदलला की तारखा सरकतात. पण येथे दुसरी, स्वतंत्र साक्ष आहे. रॉस हिमपटाच्या टोकाशी २००६–०७ मध्ये समुद्रतळ खोदून काढलेल्या गाळात, ५० ते ३० लाख वर्षांपूर्वी तिथे बर्फ आणि खुला समुद्र आलटून पालटून असल्याचे थर मिळाले. दगड आणि जीव एकाच काळाकडे बोट दाखवतात.

१४/ हे इतके महत्त्वाचे का? पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर पूर्ण वितळला, तर जगभरचा समुद्र सुमारे ३ ते ५ मीटर चढेल. तो याआधी कोसळला होता का, आणि किती उष्णतेत, हा प्रश्न कोकणकिनाऱ्याचाही आहे.

१५/ या अभ्यासाशी गोव्याचेही नाते आहे. डिसेंबर १९८१ मध्ये पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली. पुढे त्याच दशकात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या परुळेकर व इंगोले या शास्त्रज्ञांनी शिर्माकर या बर्फमुक्त प्रदेशातील शेवाळात राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा अभ्यास केला. कोणते जीव कुठे राहतात, याच्या अशा नोंदी नसतील तर जनुके वाचून काय उपयोग?

१६/ आता धोका. १९६०च्या दशकात साइनी बेटावर प्रयोगासाठी साउथ जॉर्जियाहून रोपे आणली गेली. त्यांच्यासोबत एक पंखहीन माशीही आली. ती तिथे स्थिरावली आणि आजही पसरते आहे. बुटाला चिकटलेली मूठभर माती एका दरीतून दुसरीत गेली, तरी लाखो वर्षे वेगळी राहिलेली घराणी एकमेकांत मिसळू शकतात. ही सरमिसळ पुन्हा निस्तरता येत नाही.

१७/ १९९१च्या माद्रिद करारनाम्याने बाहेरून जीव आणण्यावर कडक निर्बंध घातले. तो १९९८ पासून लागू आहे. पण एका दरीतून दुसरीत जाण्यापूर्वी बूट धुणे हे मात्र प्रत्येक पाहुण्याच्या हाती. जुन्या दफ्तरातले कागद मूळ क्रमाने का ठेवावेत, हे ज्याला कळते, त्याला ही मातीही कुठे हलवू नये, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

धागा समाप्त.